कुसळ पुढंच जातं

१

कुसळदरा हे गाव डोंगराच्या माथ्यावर का वसवलं, हे वसवणाऱ्यालाच ठाऊक. जळकोटाकडून बैलगाडी निघाली की बालाघाटाचा चढ लागतो, बैलांच्या तोंडाला फेस येतो, गाडीवान स्वतःच्या सासऱ्यासकट साऱ्या जगाचा उद्धार करतो, आणि मग कुठं वर चार कौलं दिसतात. निजामाचा अंमल होता तेव्हाची ही गोष्ट. गावात एक कचेरी होती, एक बाजार होता आणि बाकी सगळा वारा होता.

अश्विन लागला की डोंगराचा रंगच पालटायचा. तेरडा आपला ठरलेला तीन दिवसांचा दिमाख दाखवून माना टाकायचा. सीताफळीची पानं कडेनं पिवळी पडायची, फळांचे डोळे उघडायचे. सकाळी धुकं इतकं, की शेजारणीची हाक यायची पण शेजारीण दिसायची नाही; आणि दुपारी ऊन असं, की कुत्रीसुद्धा ओट्याखालून हलायची नाहीत. कमरेइतकं वाढलेलं गवत हिरव्याचं तांबूस व्हायचं आणि त्याला कुसळं धरायची. या दिवसांत पाहुणा आला की गूळपाणी मागाहून. आधी तो ओसरीच्या कडेला बसणार आणि धोतराच्या सोग्यातली कुसळं उपटत राहणार. तहसीलदार असो की तराळ, कुसळाला दर्जा कळत नाही.

प्रेमलाला हे सगळं नवं होतं. ती नांदेडची, गोदावरीकाठची, वकिलाची मुलगी. नवरा अवधूत कचेरीत पेशकार, म्हणजे तहसीलदारांचा कारकून होता. उर्दू झकास लिहायचा आणि मराठीत कमी बोलायचा. बदली झाली तेव्हा सगळे म्हणाले, डोंगरावरची हवा चांगली, पोरीला मानवेल. पोरगी म्हणजे विमल, अजून पालथीसुद्धा पडत नव्हती. तिच्याआधीचा मुलगा नांदेडात तापानं गेला होता, अशाच एका अश्विनातल्या दुपारी. प्रेमला उशाशीच बसली होती. जरा डोळा लागला आणि उघडला तेव्हा सगळं संपलेलं. "सांगून गेला नाही हो," एवढंच ती पुढं कितीतरी दिवस म्हणत राहिली होती.

तेव्हापासून तिला जरा खुट्ट झालं की भीती वाटे, आणि भीती वाटली की स्वतःचाच राग येई. भाड्याचं घर ऐसपैस होतं, पण खोल्या एकापाठी एक. रस्त्याला कवाड, मग अंगण, मग ओसरी, मग माजघर, आणि सगळ्यात आत एक लहान खोली. त्या आतल्या खोलीत विमलचा पाळणा होता.

२

घटस्थापनेच्या दुपारी नागाबाई आली.

नागाबाई म्हणजे खालच्या वस्तीवरची म्हातारी. श्रावणात ती पत्रावळीसाठी पळसाची पानं आणून द्यायची, ओसरीवर बसून पाणी प्यायची, आणि लुगड्यातली कुसळं काढता काढता साऱ्या गावाची खबर सांगायची. पोळा झाला आणि ती यायची थांबली. म्हातारं माणूस, चढ सोसत नसेल, असं प्रेमलानं मनाशी म्हटलं होतं. आता ती कवाडाबाहेर रस्त्यावरच उभी होती, डोक्यावर पाटी, ऊन पाठीवर घेऊन.

"फुलं आनली माय, तरवडाची. देवीच्या माळंला."

अवधूत तहसीलदारांबरोबर पिकांच्या दौऱ्यावर गेला होता, आणि माळेला फुलं कोण आणणार ही प्रेमलाला सकाळपासून घोर. ती धावतच कवाडाशी गेली. फुलं पिवळीधमक होती. "बरी आहेस ना गं? किती दिवसांनी!" तिनं विचारलं.

"हाय," नागाबाई म्हणाली. गावाची खबर नाही, पाणी मागणं नाही. पाटी पुन्हा डोक्यावर घेऊन ती म्हणाली, "येऊ का, माय?"

आता आपल्याकडं निघताना "जातो" कुणी म्हणत नाही. जाणारा म्हणतो "येतो", आणि घरचा म्हणतो "या". जाणं हा शब्दच आपण मसणात ठेवून दिलेला. नागाबाईसुद्धा एरवी "येते माय" म्हणायची आणि म्हणता म्हणता वळायची. आज मात्र ती "येऊ का?" म्हणून थांबली, जणू उत्तर मिळाल्याशिवाय तिला हलता येणार नव्हतं.

"हो, ये," प्रेमला म्हणाली आणि फुलं घेऊन आत वळली.

माळ ओवताना तिच्या लक्षात आलं. चार पावलं कवाडापर्यंत जाऊन आली, तर तिच्या स्वतःच्या पदराला दोन कुसळं चिकटली होती. नागाबाई अख्खा डोंगर चढून आली आणि तिचं लुगडं मात्र स्वच्छ होतं. काठावर कुसळ म्हणून नव्हतं. आली असेल गाडीवाटेनं, प्रेमलानं स्वतःला सांगितलं. गाडीवाटेच्या दोन्ही अंगांनी गवतच होतं, पण ते तिनं स्वतःला सांगितलं नाही.

३

दोनेक दिवसांनी, तशीच दुपार. प्रेमला पाळण्याची दोरी ओढत होती. बाहेरून हाक आली नाही, कडी वाजली नाही. पण कुणीतरी आलं आहे असं तिला वाटलं. ती ओसरीवर आली. अंगणात तुळशीपाशी नागाबाई उभी.

कवाडाला कडी होती. प्रेमलानं सकाळी स्वतः घातली होती, आणि आताही ती घातलेलीच दिसत होती.

"सीताफळं आनली माय."

"कडी कशी काढलीस गं?"

नागाबाईनं पाटी खाली घेतली. फळं तुळशीच्या कट्ट्यावर मांडली. तिचं तोंड उन्हाच्या बाजूला होतं तरी पदराच्या सावलीत नीट दिसत नव्हतं. आवाज मात्र तिचाच, जरासा बसलेला. "येऊ का, माय?"

"ये," प्रेमला म्हणाली. तोंडातून निघूनच गेलं.

शेजारच्या यशोदामावशी दिवेलागणीला विरजण घेऊन आल्या. बाई कष्टाची, जिभेची तिखट, पण विमलवर जीव. त्यांनी पोरीला मांडीवर घेतलं आणि लगेच दुपट्यात काहीतरी चाचपलं.

"हे काय गं? लेकराच्या दुपट्यात कुसळ?"

दुपटं अंगणात वाळत घातलं होतं, तुळशीजवळच. प्रेमला ते ओढून काढायला गेली तर मावशींनी तिच्या हातावर चापट मारली.

"मागं नगं ओढू, मोडंल. पुढं ढकलून काढावं लागतं." त्यांनी कापडाच्या आतल्या बाजूनं बोट दाबून ते हळूच पार काढलं. "कुसळ पुढंच जातं माय. ओल लागली की आपल्या आपन फिरतं अन् आत आत शिरतं. मागं सरनं त्याला ठावंच न्हाई. मेंढराच्या कातड्यातून काळजापर्यंत जातं म्हनत्यात."

"काहीतरीच मावशी."

"आता तू शिकल्याली. तुला सांगून म्या काय करू?" असं म्हणून मावशींनी विमलच्या गालाला बोट लावलं. प्रेमलानं नागाबाईचं आणि कडीचं सांगायचं ठरवलं होतं. पण मावशी हसतील, उद्या गावभर करतील, असं वाटून गप्प बसली. कडी ढिली असेल. लाकूड उन्हानं आकसतं.

४

अष्टमीला वारा पडला. गवताचा सुद्धा आवाज थांबला. विमलला सकाळपासून किंचित कणकण होती, आणि प्रेमलाचा अर्धा जीव तिच्या कपाळावर ठेवलेल्या तळव्यात होता. दुपारी पोरगी एकदाची झोपली. प्रेमला माजघरात पाणी प्यायला आली आणि तिला आवाज ऐकू आला.

टिक. मग जरा थांबून, टिक.

अंगठ्याच्या नखानं कुसळ उपटून टाकावं, तसा. आवाज ओसरीवरून येत होता. ओसरीचं दार अर्धवट ढकललेलं होतं. फटीतून नागाबाईची पाठ दिसत होती. ती नेहमीच्या जागी बसली होती आणि लुगड्याचा काठ हातात घेऊन कुसळं काढत होती. चिमूट धरायची, ओढायची, बाजूला टाकायची. प्रेमलाला इतकं हायसं वाटलं की ती हसलीच. हीच तर नागाबाई! आणि आपण काय काय मनात आणत होतो.

ती दाराजवळ गेली. काठ स्वच्छ होता. नागाबाईची बोटं रिकाम्या कापडातून काहीच नसलेलं उपटत होती आणि काहीच नसलेलं बाजूला टाकत होती. तरीही टिक वाजत होतं.

आत पाळण्यात विमल रडायला लागली आणि एकाएकी मध्येच थांबली, कुणी तोंडावर हात ठेवावा तशी.

"येऊ का, माय?"

नागाबाई दोन हातांच्या अंतरावर बसली होती, पाठमोरी. आवाज मात्र दाराच्या अलीकडून आला. प्रेमलाच्या खांद्याजवळून.

"ये, ये," प्रेमला घाईनं म्हणाली. ही बाई एकदाची जावी आणि आपण पोरीकडं धावावं, एवढंच तिच्या मनात होतं. ती आतल्या खोलीत पळाली. विमल जागी होती, आढ्याकडं बघत होती, आणि कपाळ गार पडलं होतं. ताप उतरला होता. प्रेमलानं देवीला हात जोडले.

संध्याकाळी केर काढताना माजघराच्या उंबऱ्याच्या आत, सारवलेल्या जमिनीत, एक कुसळ उभं सापडलं. रोवल्यासारखं. त्याचं टोक आतल्या खोलीकडं कललेलं होतं.

५

नवमीला सकाळी नागाबाईचा मुलगा रामकिशन आपट्याच्या फांद्या घेऊन आला. दसऱ्याचं सोनं तोच घरोघर टाकायचा. यशोदामावशी ओसरीवर बसल्याच होत्या. रामकिशननं फांद्या खाली ठेवल्या, उकिडवा बसला आणि धोतरातली कुसळं काढू लागला.

"काल तुझ्या आईला थांबवायचं होतं जरा," प्रेमला म्हणाली. "लुगडं द्यायचं होतं तिला."

रामकिशनचे हात थांबले. "कोनाला, बाई?"

"तुझ्या आईला. नागाबाईला."

"माय तर पोळ्यापास्नं खाटंवर हाय. कूस बी मीच बदलून राहिलो तिची." त्यानं एकदा मावशींकडं पाहिलं. "वळखत न्हाई कोनाला. तापात सारखं एकच बोलती, 'म्या न्हाई गेले, म्या न्हाई गेले.' म्या म्हनतो, न्हाई गेलीस माय, इथंच हायस. पर तिला पटत न्हाई."

तो गेला.

"दुसरी कुणी म्हातारी असेल," प्रेमला म्हणाली. "तिची बहीण."

"तिला बहीन न्हाई."

मग प्रेमलानं सगळं सांगितलं. कवाड, तुळस, ओसरी. सांगताना ते सगळं एका ओळीत आलं, घरातल्या खोल्यांसारखं. मावशी हसल्या नाहीत.

"निघताना येते म्हनत असंल," त्या हळूच म्हणाल्या.

"येते नाही. येऊ का, म्हणते."

"अन् तू?"

"ये म्हणते. आणखी काय म्हणणार मावशी? दसऱ्यासणाला, लेकरू असलेल्या घरात, कुणाला जा म्हणायचं का?"

बोलली आणि तिचं तिलाच ऐकू आलं. येऊ का, असं कुणी दारात विचारत होतं, आणि ती दर वेळी ये म्हणत होती.

मावशींनी पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं म्हणाल्या, "उद्या म्या येऊन बसते तुझ्यापाशी." उंबऱ्यावरून उतरताना सवयीनं त्यांच्या तोंडात "येते" आलं, ते त्यांनी गिळलं, आणि काही न बोलताच त्या निघून गेल्या.

६

दसऱ्याला मावशी आल्या नाहीत. त्यांच्या घरी जावई आला होता. भिंतीपलीकडं पुरण वाटल्याचा आवाज येत होता. अवधूत संध्याकाळी सीमोल्लंघनाच्या वेळेपर्यंत पोचणार होता. मधली फक्त दुपार होती.

प्रेमलानं कवाडाला कडी घातली आणि वर दोरी बांधली. ओसरीचं दार लावलं, अडसर सरकवला. माजघराचं दार लावलं आणि त्याला जातं टेकवलं. मग आतल्या खोलीत पाळण्याशेजारी भिंतीला टेकून बसली. भीती होतीच. पण शब्द तयार होता. जा. साधा एवढासा शब्द. ती तो मनात घोळवत होती. या घरात आता पुन्हा कुणाला ये म्हणायचं नाही. विमलसाठी ती यमालासुद्धा जा म्हणाली असती.

विमल झोपली होती. कौलांच्या फटीतून उन्हाची एक काडी पाळण्यावर पडली होती. बाहेर वारा सुटला. सगळा डोंगर कोरडा सळसळू लागला. आणि त्या सळसळीत प्रेमलानं कान देऊन ठेवला होता तो माजघराच्या दाराकडं. तिथून काही आलं तर तिथून येणार.

डोळा लागू द्यायचा नव्हता. लागला नाहीही, असं ती पुढं शपथेवर सांगायची.

टिक.

माजघरात नाही. दाराशी नाही. खोलीतच, अगदी जवळ.

टिक.

तिनं हळूहळू मान वळवली. पाळणा स्थिर होता. दुपट्यावर कुसळं उभी होती, एक नाही, दोन नाहीत, गवताच्या वाफ्यासारखी दाट, आणि सगळ्यांची टोकं आत वळलेली. ऊन त्यांच्यावरून सरकलं तसं तिला दिसलं न दिसलंसं झालं. मधोमध विमलचा चेहरा होता. डोळे उघडे होते. पाच महिन्यांच्या लेकरानं कधी कुणाकडं बघितलं नसेल असं ती आईकडं बघत होती, ओळख असल्यासारखं.

"येऊ का, माय?"

ओठ हलले की नाही, हे प्रेमलाला कधीच सांगता आलं नाही. आवाज बसलेला होता आणि पाळण्यातून आला होता.

जा. शब्द जिभेवर आला. आणि तिथंच तिच्या काळजात लखकन चमकलं: ही माझी विमल असली तर? पहिला न सांगता गेला. ही विचारून निघाली असली तर? येऊ का, माय. आई, निघू का मी? आणि मी आई होऊन, पाळण्यावर वाकून, तिला जा म्हणू?

बाहेर भिंतीपलीकडं मावशींचा जावई मोठ्यानं हसला. ते सगळं जग दहा हातांवर होतं आणि तिच्या उपयोगाचं नव्हतं. पाळण्यातले डोळे उत्तराची वाट बघत होते. काही न बोलता बसून राहावं असंही तिनं करून पाहिलं. तसं दुपट्याखालची छाती वर झाली, आणि वरच राहिली. खाली येईना. ओठ निळसर दिसू लागले.

"ये!" प्रेमला ओरडली. "ये गं माझ्या बाई, ये, ये, ये!" आणि तिनं कुसळांसकट पोरीला उचलून छातीशी धरलं.

श्वास सुटला. उबदार, दुधाच्या वासाचा, लेकराचा श्वास. दुपट्यावर हात फिरवला तर एकही कुसळ लागलं नाही.

७

अवधूत दिवेलागणीला आला तो सीमोल्लंघन करूनच. कवाडाची दोरी बघून हसला, जातं बघून गंभीर झाला, आणि बायकोचं तोंड बघून काही विचारलंच नाही. प्रेमलानं त्याला ओवाळलं. त्यानं तिच्या हातावर आपट्याची पानं ठेवली.

"वाटेत रामकिशन भेटला," तो ओसरीच्या कडेला बसत म्हणाला. "त्याची आई उठून बसली म्हणे आज दुपारी. भाकरी मागितली. चांगलं झालं, नाही का?"

"चांगलं झालं," प्रेमला म्हणाली.

त्यानं विमलला मागितलं आणि मांडीवर घेतलं. समईचा उजेड त्या दोघांवर पडला होता. त्याच्या धोतराला गुडघ्यापर्यंत कुसळं होती. एका हातानं पोरीला धरून दुसऱ्या हातानं तो ती काढू लागला. मग एकदम खो खो हसला. हा माणूस असा हसताना प्रेमलानं लग्नापासून क्वचितच बघितला होता.

"अगं, बघ तर हिला! बापाची नक्कल करते आहे!"

विमलनं आपल्या झबल्याचा काठ मुठीत धरला होता. ती चिमूट धरत होती, ओढत होती, बाजूला टाकत होती. काठ स्वच्छ होता.

टिक.

"पाच महिन्यांची पोर, आणि बोटं कशी चालतात बघ म्हातारीसारखी!" अवधूत कौतुकानं म्हणाला. तेवढ्यात पोरगी भुकेनं रडू लागली. रडणं विमलचंच होतं, अगदी नेहमीचं, घशात जरासं अडखळणारं. "घे हिला," तो म्हणाला. "भूक लागली असेल. घे ना, अशी काय उभी राहिलीस?"

त्याच क्षणी प्रेमलाला पान्हा फुटला. एक पाऊल मागं घ्यावं असं तिच्या मनात आलं. पण पाऊल मागं गेलं नाही. तिचे हात आपोआप पुढं झाले.